काठी कुणाच्या हाती द्यायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'वेगळ्या वाटेचं करिअर'. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, बँक, स्पर्धा परीक्षा यांवर बोलायला आपल्या तुकडीत अधिकारी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून मी अशा एका कामाबद्दल बोलणार आहे, जे मी स्वतः करत नाही, पण गेली चौदा वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी अगदी समोरून बघते. पोटापाण्यासाठी मी जर्मनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि हौस म्हणून तिथल्या एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर बसते. श्रोत्यांना वाद्यवृंदाच्या कंडक्टरची पाठ दिसते. आम्हाला त्याचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यावर काय काय चाललेलं असतं, ते आज सांगते.

कंडक्टर म्हटलं की आपल्याला आधी एसटी आठवते. हसू नका, साम्य आहे. एसटीचा कंडक्टर गाडी चालवत नाही, पण त्याने घंटी मारल्याशिवाय गाडी हलत नाही. वाद्यवृंदाचा कंडक्टरही, म्हणजे संचालक, मैफलीत एक सूरसुद्धा वाजवत नाही. समोर सत्तर-ऐंशी वादक, सगळे आपापल्या वाद्यात मुरलेले, आणि याच्या हातात एक हलकीशी काठी. मग हा करतो काय? हा प्रश्न मला आपल्या तुकडीतल्या निदान दहा जणांनी विचारला आहे.

वादकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो. बासरीवाल्याला चेलो काय वाजवणार आहे ते दिसत नाही. सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं पुस्तक असतं ते संचालकासमोर. त्याच्या एका पानावर वीस-वीस ओळी असतात, एकाखाली एक, आणि सगळ्या एकाच वेळी वाजायच्या असतात. ते पान डोळ्यांनी वाचून त्याला आतल्या कानाने ऐकू यावं लागतं. उजव्या हाताने तो लय दाखवतो, डाव्या हाताने कुणाला जरा दबून, कुणाला जरा पुढे यायला सांगतो. पण हे मैफलीतलं झालं. खरं काम त्याआधीच्या तालमींत असतं. कोण मागे पडतंय, कुणाचा सूर उतरलाय, हे गाणं घाईचं आहे की शांत, हे सगळं तिथे ठरतं. व्यावसायिक वाद्यवृंदाला एका कार्यक्रमासाठी साधारण तीन-चार दिवसांच्याच तालमी मिळतात.

आपल्या मैफलीत गायक आणि तबलजी समेवर भेटतात, त्यांना मध्ये तिसरा माणूस लागत नाही. पण चाळीस मुलांचं लेझीम पथक आठवा. तिथे हलगी लागते आणि पीटीच्या सरांची शिटीही लागते. माणसं वाढली की कुणीतरी एकाने सगळ्यांच्या वतीने श्वास घ्यावा लागतो.

आता मुद्द्यावर येते. व्हायोलिन शिकणारं पोर घरी आठ-आठ तास रियाज करू शकतं. पेटी, तबला, बासरी, सगळ्यांचं तेच. पण संचालकाचं वाद्य म्हणजे ऐंशी माणसं. ती घरी कुठून आणायची? आरशासमोर हात हलवता येतात, पण आरसा चुकीचं वाजवत नाही, आणि चुकीचं वाजल्यावर काय करायचं यातच तर ही विद्या आहे. त्यामुळे या क्षेत्रातल्या कुठल्याही तरुणाची वाटचाल बघा, 'तो किती हुशार होता' हा प्रश्न दुसरा ठरतो. पहिला प्रश्न असा, की याला शिकण्यासाठी माणसं कुणी दिली?

आपल्या मुंबईपासून सुरुवात करू. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ सालचा, मुंबईतला. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात गोव्याचे वादक होते, हौशी पारशी मंडळी होती, काही युरोपीय होते. घरच्याच दिवाणखान्यात चौकडीच्या तालमी चालायच्या. या मुलाला वडिलांच्या वाद्यवृंदापुढे उभं राहायला मिसरूड फुटायच्या वयातच मिळालं. मुलाने डॉक्टर व्हावं अशी घरची इच्छा होती, म्हणून सेंट झेवियर्स कॉलेजात त्या दिशेचं शिक्षण सुरू झालं. ते सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले आणि जोडीला डबल बास हे वाद्यही.

इथे मुलांनी लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना बघायला मिळत नसत. मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ अब्बादो या दोघांनी मग काय केलं, तर तिथल्या गायकवृंदात नाव घातलं. गाणारा माणूस तालमीतून कुणी बाहेर काढू शकत नाही. खर्जात गाता गाता दोघे पुढच्या माणसाचे हात वाचत राहिले. दोघेही पुढे जगातल्या पहिल्या फळीचे संचालक झाले. १९५६ मध्ये हंगेरीतल्या उठावानंतर निर्वासित ऑस्ट्रियात आले, तेव्हा मेहतांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांच्या छावणीत कार्यक्रम केला. वय वीस. माणसं कुणी देण्याची वाट न बघता त्यांनी ती गोळा केली. १९५८ साली लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा त्यांनी जिंकली, बक्षीस म्हणून तिथे एक वर्ष सहायकाची जागा मिळाली. मग मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणी आजारी पडलेल्या ज्येष्ठांच्या जागी ऐनवेळी उभे राहिले, आणि १९६२ साली, सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले.

ऐनवेळी कुणाच्या तरी जागी उभं राहण्याच्या अशा गोष्टी या क्षेत्रात फार आहेत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा सगळा नशिबाचा खेळ. १८८६ साली रिओ दि जानेरोत 'आयदा' या ऑपेराच्या वेळी संचालकावरून गोंधळ झाला आणि चेलो वाजवणाऱ्यांतला एकोणीस वर्षांचा पोरगा पुढे आला. त्याने पुस्तक न उघडता अख्खा ऑपेरा पार पाडला. तो आर्तुरो तोस्कानिनी. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांचे लेनर्ड बर्नस्टाइन एकही तालीम न घेता मंचावर गेले. कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकला जात होता, दुसऱ्या दिवशी बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. १९८३ साली लंडनमध्ये एसा-पेक्का सालोनेन या पंचवीस वर्षांच्या फिनिश तरुणाने अगदी थोड्या अवधीत माहलरची तिसरी सिंफनी उभी केली. तिची लांबी दीड तासाच्या वर आहे.

पण नीट बघा. बर्नस्टाइन त्या वाद्यवृंदाचे सहायक संचालक होते. त्यांचं काम म्हणजेच सगळे कार्यक्रम तयार ठेवायचे आणि कुणी पडलं तर उभं राहायचं. तोस्कानिनी त्या मंडळीत नुसते चेलो वाजवत नव्हते, गायकवृंदाच्या तालमींतही मदत करत होते. सगळा ऑपेरा त्यांच्या कानावरून कितीदा तरी गेला होता. नशीब त्या रात्रीपुरतं होतं. त्याआधीची शेकडो तासांची हजेरी कुणीतरी त्यांना लावू दिली होती, आणि त्यांनी ती लावली होती.

आता सालोनेन यांच्या देशाकडे येऊ. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे आपल्या पुणे महानगरापेक्षाही कमी. एवढ्याशा देशाने गेल्या पन्नास वर्षांत जगाला इतके संचालक दिले, की लोक विचारतात, तिथल्या पाण्यात काय आहे? पाण्यात काही नाही. तिथे योर्मा पानुला नावाचे शिक्षक आहेत, जन्म १९३०. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत त्यांनी १९७३ ते १९९३ संचालनाचा वर्ग चालवला, आणि पुढेही शिकवत राहिले. त्यांची पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. वर्गात प्रत्यक्ष वाद्यवृंद हवा, मग तो लहानसा का असेना. संचालन शिकणाऱ्या मुलांनीच आपापली वाद्यं घेऊन एकमेकांसाठी वाजवायचं. प्रत्येकाने पुढे येऊन काठी हातात घ्यायची. सगळं चित्रित करायचं आणि नंतर बसून स्वतःचे हात स्वतः बघायचे. सर फारसं बोलत नाहीत. तुमची चूक तुम्हाला पडद्यावर दिसते, आणि समोरच्यांच्या वाजवण्यात ऐकू येते. आज तुम्ही माझ्यासाठी चुका सोसा, उद्या मी तुमच्यासाठी सोसेन, असा तो वर्ग.

याच परंपरेतला सध्याचा सगळ्यांत गाजणारा तरुण म्हणजे क्लाउस मॅकेला. जन्म जानेवारी १९९६, हेलसिंकी. मूळचा चेलोवादक. लहानपणी फिनिश राष्ट्रीय ऑपेराच्या बालगायकवृंदात गाताना त्याने संचालक पहिल्यांदा समोरून पाहिला, आणि बाराव्या वर्षी तो पानुलांच्या वर्गात दाखल झाला. बारावं वर्ष म्हणजे आपली सहावी-सातवी. ओस्लो फिलहार्मोनिकने त्याची निवड केली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, २०२० पासून तो तिथला प्रमुख संचालक झाला. २०२१ पासून पॅरिसचा वाद्यवृंद त्याच्याकडे आला. ॲम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाउ आणि अमेरिकेतला शिकागो सिंफनी या जगातल्या दोन अव्वल वाद्यवृंदांनीही २०२७ पासूनसाठी त्याला निवडलं. हे ऐकून डोळे दिपतात. पण बारा ते बावीस ही दहा वर्षं मोजा. ज्या वयात बाकीचे संचालनाच्या प्रवेशपरीक्षेचा विचार करतात, त्या वयात त्याच्या खाती दर आठवड्याला खरी माणसं पुढ्यात घेऊन केलेल्या चुका जमा होत्या.

दुसरं टोक व्हेनेझुएलाचं. फिनलंड श्रीमंत देश आहे, असं कुणी म्हणेल म्हणून हे सांगते. १९७५ साली होसे अंतोनिओ आब्रेउ यांनी तिथे मुलांच्या वाद्यवृंदांची एक चळवळ सुरू केली, 'एल सिस्तेमा' नावाने ती ओळखली जाते. त्यांचा आग्रह असा, की आधी वर्षानुवर्षं एकट्याने शिकायचं आणि मग वाद्यवृंदात जायचं, हे उलटं आहे. मुलाने पहिल्यापासून घोळक्यातच शिकावं. गरीब वस्त्यांतली हजारो मुलं त्यात आली. बार्किसिमेतो या गावचा, १९८१ साली जन्मलेला गुस्ताव्हो दुदामेल हा तिथलाच, एका ट्रोम्बोनवादकाचा मुलगा. अठराव्या वर्षी, १९९९ मध्ये, देशाच्या युवा वाद्यवृंदाची धुरा त्याच्याकडे दिली गेली. २००४ साली जर्मनीतल्या बांबेर्गची माहलर स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा जगाला तो नवा वाटला, पण त्याच्यामागे पाच वर्षांचा संसार होता. २००९ मध्ये तो लॉस एंजेलिसला संगीत संचालक झाला, झुबिन मेहता एकेकाळी होते त्याच जागी.

मी राहते त्या जर्मनीची वाट याहून संथ आहे. तिथे सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे १३० वाद्यवृंद आहेत, आणि लहान-मोठ्या गावांत मिळून ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं. तरुण मुलगा किंवा मुलगी आधी ऑपेरागृहात पियानोवर बसून गायकांना त्यांच्या जागा पाठ करून घेण्याचं काम करते. मग एखादी संध्याकाळ मिळते, मग दुय्यम संचालकाची जागा, मग छोट्या गावात मुख्य. किरिल पेट्रेंको हे आज बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख आहेत. ते १९९९ ते २००२ या काळात मायनिंगेनला होते. मायनिंगेन म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. तिथे त्यांनी २००१ साली वाग्नरचं चार ऑपेरांचं 'रिंग' सलग चार दिवसांत सादर केलं. बर्लिनला ते रुजू झाले २०१९ मध्ये. मायनिंगेनच्या वादकांनी आणि तिकीट काढून येणाऱ्या तिथल्या दुकानदार-मास्तरांनी त्या तरुणाला घडवण्यात काय वाटा उचलला, याची नोंद कुठे नसते. म्हणून इथे करते.

आमचा वाद्यवृंदही त्या साखळीतली एक छोटी कडी आहे. आम्ही सगळे हौशी. दाताचे डॉक्टर, टपाल खात्यातले निवृत्त, एक बेकरीवाला, मी. संगीत महाविद्यालयातले संचालनाचे विद्यार्थी सरावासाठी आमच्याकडे येतात. मागे एकदा एक विद्यार्थिनी आली, तेवीस-चोवीस वर्षांची. समोर बेथोव्हनची पाचवी सिंफनी. तिचे सुरुवातीचे चार सूर तुम्हीही कुठे ना कुठे ऐकले आहेत. पण त्या चार सुरांच्या आधी कागदावर एक अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे संचालकाने ठोका द्यायचा तो शांततेवर, आणि साठ माणसांनी त्याच्या मागोमाग एकदम उसळायचं. तिने काठी खाली आणली, निम्मे आधी वाजले, निम्मे नंतर. "पुन्हा." पुन्हा तेच. चौथ्या वेळी तिचा चेहरा मला दिसत होता, कान लाल झालेले, ओठ दाबलेले. आमच्यातले सर्वांत म्हातारे डबल बासवाले आजोबा म्हणाले, "बाळ, तू श्वास रोखून धरला आहेस. तूच श्वास घेतला नाहीस तर आम्ही कधी घ्यायचा?" ती हसली. तिने खांदे सोडले, श्वास घेतला आणि हात उचलला. साठ माणसांनी तिच्याबरोबर श्वास घेतला आणि ते चार सूर एकत्र वाजले.

हे तिच्या पुस्तकात लिहिलेलं असणारच, शिक्षकांनी शंभर वेळा सांगितलंही असेल. पण ते कळायला चुकीचं वाजवणारी साठ माणसं लागली, आणि त्यांतला एक प्रेमाने बोलणारा. आमच्याकडे आता प्रथाच आहे. तालीम संपल्यावर विद्यार्थ्याला प्रत्येक गटातून एकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ती त्याला उद्या करून बघता येईल अशी असली पाहिजे.

ही संधी सगळ्यांना सारखी मिळते असं मात्र नाही. मॅरिन ऑल्सॉप ही न्यूयॉर्कची मुलगी. नऊ वर्षांची असताना तिने बर्नस्टाइन यांना मुलांच्या कार्यक्रमात पाहिलं आणि ठरवलं, हेच करायचं. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, मुली हे करत नाहीत. तिच्या वडिलांनी तिला काठ्यांची एक पेटीच आणून दिली. पण पुढे शिक्षणसंस्थेच्या संचालनाच्या वर्गात तिला प्रवेश मिळेना. शेवटी १९८४ मध्ये तिने स्वतःचाच वाद्यवृंद काढला. त्याला पैसे कुणी दिले? टोमिओ ताकी नावाच्या जपानी कापड-व्यावसायिकाने. हा गृहस्थ संगीतातला नव्हे. २००७ साली बाल्टिमोर सिंफनीची संगीत संचालक होऊन ती अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाची पहिली स्त्री प्रमुख झाली. तिने २००२ पासून तरुण संचालिकांसाठी शिष्यवृत्ती चालवली आहे, आणि तिला नाव दिलं आहे ताकींचं. आपल्या तुकडीतल्या कापडवाल्यांनी हे जरा लक्षात ठेवावं, मी त्यांच्याकडे थोड्या वेळाने येणार आहे.

या वाटेवर धोकाही आहे. तरुण चेहरा पोस्टरवर चांगला दिसतो, मग दहा शहरांतून बोलावणी येतात, विमानतळ जास्त आणि अभ्यास कमी होतो. याच्या उलट उदाहरण सायमन रॅटल यांचं. १९८० साली, पंचविशीत, ते बर्मिंगहॅमला गेले आणि अठरा वर्षं तिथेच राहिले. त्यांच्याबरोबर वाद्यवृंद मोठा झाला आणि शहराला नवीन सभागृह मिळालं. बर्लिन त्यांना त्यानंतर, २००२ मध्ये मिळालं. त्यामुळे लवकर मिळालेली संधी किती काळ टिकते, हे ती मिळाल्यावर माणूस एका जागी बसून किती शिकतो यावरच ठरतं.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाला हे करावंसं वाटलं, तर काही व्यवहाराच्या गोष्टी. एक वाद्य खोलात शिका, आणि पियानो किंवा कीबोर्ड जोडीला हवाच, कारण प्रवेशपरीक्षेत तो वाजवावा लागतो. स्वरलेखन वाचायला शिका, कान तयार करा, गायकवृंदात गा. लंडनच्या संगीत संस्थांच्या श्रेणीपरीक्षा आपल्याकडच्या शहरांतही होतात. मुंबईत मेहली मेहता यांच्या नावाची संस्था मुलांना शिकवते, एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. जर्मनीत सरकारी संगीत महाविद्यालयांना बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, मात्र जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. आणि खरं सांगते, सगळे मॅकेला होत नाहीत. बरेच जण गायकवृंद चालवतात, शाळेत शिकवतात, गायकांना तयार करतात. त्यांचं काही बिघडलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे येणारे संचालक त्यांतलेच आहेत, आणि त्यांच्यामुळे आमचे मंगळवार सुखाचे आहेत.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या वेळी परिपाठ मुलंच चालवायची. सुविचार, बातम्या, प्रार्थना, सगळ्याला पाळ्या लागायच्या. गाण्याच्या बाई पेटीवर असायच्या, पण "एक साथ" म्हणायला आठवड्याला एक नवं पोर पुढे असायचं, मग त्याचा आवाज फुटलेला असला तरी. पीटीच्या सरांनी लेझमीची शिटी आठवीतल्या मुलांच्या हाती दिली होती. पाचशे मुलं आपल्याकडे बघताहेत म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना तिथे कळलं. आज इथे बसलेले आपले सरपंच, आपल्या दोन मुख्याध्यापिका, आपले वकीलसाहेब हे सगळे त्या पाळीतून गेले आहेत. बाई, सर, आम्ही तेव्हा किती बेसूर होतो हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते ऐकून घेतलंत. पानुला सर हेलसिंकीत जे करत होते, ते तुम्ही या पटांगणात करत होता.

बाई निवृत्त झाल्या, त्यानंतर संगीताची जागा भरलेली नाही. पेटी कपाटात आहे, मी काल बघून आले, दोन पट्ट्या अडकतात, भाता चांगला आहे. आपल्या तुकडीच्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायची असा ठराव समोर आहे. कमानीला माझा विरोध नाही, कमान सुंदर दिसेल. माझी एवढीच सूचना आहे, की कमान थोडी साधी करू आणि त्यातून वाचलेल्या पैशांत दोन वर्षांसाठी संगीताचा एक अर्धवेळ शिक्षक नेमू. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मुलांचा वाद्यवृंद बसवू. पेटी, बासऱ्या, हलगी, ताशा, जे असेल ते. दर वेळी पुढे उभं राहणारं मूल नवं, आणि मुलींची पाळी मुलांइतकीच. गावात राहणाऱ्यांनी त्या शनिवारी येऊन बसायचं, वाजवता येत असेल त्याने मुलांमध्ये बसून वाजवायचं. पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च मी देईन. उरलेल्यासाठी कापडवाल्यांकडे बघते आहे.

यातून कुणी झुबिन मेहता निघेल असं मी म्हणत नाही. निघालाच, तर त्याच्यामागे उभी राहिलेली माणसं आपण असू, आणि आपलं नाव कुठेही येणार नाही. न निघाला, तरी दर महिन्याला एका मुलाला चाळीस जणांच्या वतीने श्वास घ्यायची सवय लागेल. ती ग्रामसभेत चालते, दवाखान्यात चालते, घरातही चालते.

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली होती, मी जास्तच घेतली. जेवणाआधी ठरावावर चर्चा आहे, तेव्हा हात वर करताना माझी सूचना लक्षात असू द्या. सर, बाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.